सिस्टर लिओकाडियाची ओवी

आमच्या शाळेचं नाव सेंट अपोलोनिया हायस्कूल. ही अपोलोनिया दातदुखीची संत. पोर्चमध्ये तिचा पुतळा होता, एका हातात चिमटा आणि चिमट्यात दाढ. के. आर. पुरमचे रिक्षावाले शाळेला ‘हल्लू स्कूल’ म्हणायचे, म्हणजे कन्नडमध्ये दातांची शाळा. गावात नव्याने आलेलं एखादं माणूस गालाला हात लावून गेटाशी येऊन उभं राहायचं, आणि वॉचमन त्याला फार न हसता दवाखान्याची वाट दाखवायचा.

मी तिथे इतिहास शिकवायची. मल्लेश्वरमहून दोन बस बदलून रोज यायची. आमचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इकडचं, त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी असा माझा दिवस तीन भाषांत वाटलेला असे.

१९९६च्या जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, हेडमिस्ट्रेस सिस्टर लिओकाडियांनी मला ऑफिसात बोलावलं. सिस्टर मंगळूरकडच्या. उंची बेताची, चष्मा जाड काचांचा, पण कमरेच्या किल्ल्या वाजल्या की चारशे पोरी एकदम गप्प. सतरा वर्षं त्यांनी ही शाळा चालवली होती. माझ्याशी त्या मराठी आणि कोकणी यांच्या मधोमध कुठेतरी बोलायच्या.

“नऊ फेब्रुवारीला शाळेला पन्नास वर्षं होतात,” त्या म्हणाल्या. “इतिहास लिहायचा. चाळीस पानं, फोटो धरून. तुम्ही हिस्टरी शिकवता ना?”

“मी मोगलांचा शिकवते, सिस्टर.”

“मोगलांपेक्षा आम्ही सोपे. आमच्यात कुणी कुणाला कैदेत टाकलं नाही.” त्यांनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. “बहुतेक. आणि हो, फेब्रुवारीनंतर मी इथे नाही. कोइम्बतूरला बदली. म्हणून म्हणते, वेळेत द्या. आणि खरं लिहा.”

शाळेचं एक लॉगबुक होतं. काळ्या पुठ्ठ्याचं, जाड, मध्ये मध्ये वाळवीनं नक्षी काढलेलं. ते वाचून असं वाटे की पन्नास वर्षं या शाळेत बिशप आले, बिशप गेले, पाऊस वेळेवर पडला आणि सगळ्या मुली नम्र होत्या. ‘मदर क्लोटिल्ड यांना दुपारी किंचित अस्वास्थ्य.’ ‘सिस्टर इग्नेशिया यांनी होसूरकडील परिसराला अचानक भेट दिली.’ आठवडाभर मी ते उलटंपालटं केलं, आणि हातात धूळ सोडून काही आलं नाही.

पीटीचे दामोदर सर एकदा स्टाफरूममध्ये शिट्टी पुसत म्हणाले, “मिस, त्या बुकात काय बघता? तळ्याकाठच्या सोयराबाईकडं जावा. पहिल्या बॅचची बाई. तिला सगळं येतं. नको ते सुद्धा.”

जुलैतल्या एका शनिवारी गेले. सोयराबाई ओसरीवर पाय पसरून फणस फोडत बसल्या होत्या. हाताला तेल, कोपरापर्यंत पिवळा वास. साठीच्या, पण डोळे अजून पाचवीतल्या मुलीचे.

“हल्लू स्कूलातनं आलात? बसा. गरे खा आधी. इतिहास कुठं पळत नाही.”

मी गरे खाल्ले आणि विचारलं, की सोयराक्का, सुरुवात कशी झाली?

“सुरुवात? रेशमाच्या कोशांची पडीक शेड होती, तीत. अकरा पोरी. सात आम्ही इथल्या मराठ्यांच्या घरच्या, चार रेल्वेतल्या कोकणी कारकुनांच्या. वर पत्रा, खाली शेण. आणि समोर मदर क्लोटिल्ड, बेल्जमहून आलेली. पहिल्या वर्षी माझ्या आईनं तिला जेवायला बोलावलं.” सोयराबाईंनी हातातला कोयता खाली ठेवला, मान जरा मागे टाकली, आणि जात्यावर बसल्यासारखा सूर लावला:

“गोरी गं मदर क्लोटिल्ड, बेल्जमची राणी,
सांबार चाखलं आणि, प्याली घडाभर पाणी!”

लॉगबुकातलं ‘किंचित अस्वास्थ्य’ माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, तोंडाला पदर लावून.

“ही कुणी केली?”

“आम्हीच. मदर बदलून गेली त्या दिवशी, फुगडी घालता घालता. आयांचं जातं ऐकून ऐकून ओवी तोंडात बसलेली होती, तीच फिरवली. मग ती रीतच पडली. हेडमिस्ट्रेस गेली की दहावीच्या पोरींनी तिची ओवी करायची. माझ्यामागनं माझ्या बहिणी गेल्या शाळेत, मग पुतण्या, मग पोरी. प्रत्येक ओवी घरी आली. सहा बायका झाल्या, सहा ओव्या आहेत.”

आणि त्यांनी त्या म्हणायला घेतल्या. उरलेले गरे तसेच राहिले. भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर इग्नेशियांची अशी होती:

“इग्नेशियाला नकाशा, सारा तोंडपाठ,
शिवाजीनगरला निघाली, धरली होसूरची वाट!”

शिवाजीनगर आमच्या शहरातलंच, आणि होसूर पार शहराबाहेर, भलत्याच दिशेला. सिस्टर परपेचुआंची अशी:

“परपेचुआ सिस्टरचा, मांजरावर जीव,
पोरींना गं छडी देते, बोक्याची करी कीव!”

मी वहीत उतरवत गेले आणि मनातल्या मनात लॉगबुकाची पानं उलटत गेले. प्रसंग जुळत होते. माणसं जुळत होती. एक इतिहास इस्त्री केलेला होता आणि एक अंगात घातलेला.

“याला काही नियम?” मी विचारलं. मास्तरणीला नियम लागतातच.

“आहेत की. एक, खोटं नाही. दोन, स्तुती नाही. स्तुती प्रेयरमध्ये करतात. ओवीत खोडी पाहिजे. आणि तीन, जिची ओवी तिच्यासमोर म्हणायची नाही. तिची गाडी गेटाबाहेर वळली, की मग चिंचेखाली फुगडी, आणि मग ओवी.”

“म्हणजे जिची आहे तिला कधी कळतच नाही?”

“कळून काय करायचंय? तिला ती दिसलेली नसते, म्हणून तर ती खोडी.” सोयराबाईंनी पुन्हा कोयता उचलला. “पण आता मोडली रीत. तुमची ती बुटकी सिस्टर आली आणि दुसऱ्याच वर्षी एका पोरीचा फुगडीत पुढचा दात पडला. दातांच्या संतिणीच्या शाळेत दात पडला, आता चौकशी कुणाकडं करायची? झालं, फुगडी बंद. आताच्या पोरींना काही ठाऊक नाही. सरी, चालायचंच.”

ऑगस्टअखेर मी खर्डा पुरा केला. ओव्या घालाव्यात की नाही यावर दोन रविवार घालवले, मग ‘खरं लिहा’ हे आठवून त्या घातल्या, रीतही लिहिली, आणि फाइल ऑफिसात ठेवून जवळजवळ पळत बस गाठली.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. सिस्टरांच्या पुढ्यात माझा खर्डा, त्यावर लाल शाई. मी राजीनाम्याची पहिली ओळ मनात जुळवायला घेतली.

“बसा. हा बोका,” त्यांनी पानावर बोट ठेवलं, “मी पाहिलाय. मी नवी आले तेव्हा म्हातारा होऊन खिडकीत बसलेला असायचा. मेला मला चावला होता.” आणि सिस्टर लिओकाडिया हसल्या. अकरा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आवाज छान होता, वापर नसलेल्या पितळी भांड्यासारखा.

मग त्या एकदम गंभीर झाल्या. “पान एकोणतीस. सहा हेडमिस्ट्रेस, सहा ओव्या. सातवी?”

“सातवी तुम्ही, सिस्टर. तुम्ही अजून गेला नाहीत.”

“फेब्रुवारीत जाते ना! तेव्हा होईल?”

मी चिमट्यातल्या दाढेसारखी अडकले. “होणार नाही, सिस्टर. करणार कोण? फुगडीच बंद आहे.”

“कुणी बंद केली?”

मी खिडकीबाहेर बघितलं.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. “म्हणजे मदर क्लोटिल्डला आहे. त्या बोकेवालीला आहे. होसूरला हरवली तिलासुद्धा आहे. आणि सतरा वर्षं जिनं छप्पर गळू दिलं नाही, तिला नाही.”

सोमवारी नोटीस लागली. ‘आजपासून आठवी ते दहावीच्या सर्व विद्यार्थिनींनी मंगळवार व गुरुवार, तिसऱ्या तासाला, फुगडी खेळणे सक्तीचे आहे. स्थळ: चिंचेखाली. देखरेख: श्री. दामोदर, पीटी. गैरहजर राहणाऱ्यांनी पालकांची चिठ्ठी आणावी.’

दामोदर सरांनी आयुष्यात फुगडी घातली नव्हती. त्यांनी ती कवायतीसारखी बसवली. पोरी रांगेत, दोन दोनच्या जोड्या, मध्ये हातभर अंतर.

“हात धर! पाय जोड! वन, टू, गिरकी! ए लास्ट जोडी, आउट ऑफ स्टेप!”

शिट्टी वाजली की गिरकी, शिट्टी वाजली की थांबा. इतकी उदास फुगडी मी कुठे पाहिली नाही. वर्गात परत जाताना पोरी अशा चालायच्या की जणू टायफॉइडची सुई टोचून घेतली आहे.

दहावीच्या वर्गाला सिस्टरांनी रीतही समजावून सांगितली, मी लिहिली होती तशी, आणि ओवी करायला पंधरा दिवसांची मुदत दिली. वर्गाची लीडर संपदा, तळ्यापलीकडच्या जुन्या मराठा घरातली, हुशार आणि घाबरट. तिनं पानाला समास आखून ओवी आणली:

“सिस्टर लिओकाडिया, ज्ञानाचा सागर,
शिस्त आणि मायेचं, भरलेलं आगर.”

सिस्टरांनी ती माझ्यासमोरच तपासली. ‘सागर’खाली लाल रेघ. “सागर? मला पोहता येत नाही. आगर म्हणजे काय गो? मिठाचं? यात खोडी कुठे आहे?” दहापैकी तीन मार्क देऊन कागद परत गेला. संपदा व्हरांड्यात रडली. आयुष्यात तिला साताच्या खाली मिळाले नव्हते.

मग ऑफिसाबाहेर एक लाकडी पेटी आली. ‘हेडमिस्ट्रेसच्या उणिवा. नाव लिहू नये.’ आठवड्यानं आम्ही दोघींनी ती उघडली. आत चार कागद. एकावर ‘सिस्टर इज व्हेरी गुड’. दुसऱ्यावर तेच, वेगळ्या अक्षरात. तिसऱ्यावर ‘नववी ब वर्गाच्या नळाला पाणी नाही’. चौथ्यावर दामोदर सरांनी आपली कॅज्युअल लीव्ह लिहिली होती. त्यांना वाटलं, पेटी त्यासाठीच आहे.

सिस्टरांनी नळाचा कागद बाजूला ठेवला, प्लंबरला निरोप पाठवला आणि पेटीचं झाकण लावलं.

“तुम्ही सांगा,” त्या हळूच म्हणाल्या. “अकरा वर्षं शेजारी आहात. माझी खोडी काय?”

मी खरंच आठवू लागले. कडक, वेळेच्या पक्क्या, किल्ल्या. पण या काही खोड्या नव्हेत, हे तर सगळ्याच हेडमिस्ट्रेसांना असतं. “मला... मला सांगता येत नाही, सिस्टर.”

“नाही ना?” त्यांनी पेटीवर दोन्ही हात ठेवले. हात लहान होते, खडूनं सुकलेले. “घाबरून माझ्यासमोरून सगळे खाली मान घालून गेले, वसुमती. खाली मान घातली की माणूस दिसत नाही. चपला दिसतात. त्या क्लोटिल्डला पोरींनी डोळे भरून बघितली, पाणी पिताना बघितली. मला कुणी बघितलंच नाही, तर हसणार कुठून?”

बाहेर चौथ्या तासाची घंटा झाली. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत काही नव्हतं. पण पुढचे दोन दिवस ऑफिसातून किल्ल्यांचा आवाज आला नाही. पोरींना वाटलं, सिस्टर आजारी आहेत.

डिसेंबरात मी पुन्हा तळ्याकाठी गेले. अवरेकाळूचे, म्हणजे ओल्या पावट्याचे, दिवस होते. सोयराबाईंच्या पुढ्यात हिरव्या शेंगांचा ढीग, आणि सगळ्या ओसरीला त्यांचा ओला, तेलकट सुगंध. त्यांनी न विचारता एक सूप माझ्याकडे सरकवलं. मी सोलता सोलता सगळं सांगितलं, सक्तीची फुगडी, दहापैकी तीन, पेटी.

सोयराबाई इतक्या हसल्या की दाणे उडाले. “अय्यो, शिट्टीवर फुगडी! अहो, खोडी कधी अर्ज करून मिळते का? तुमच्या सिस्टरला म्हणावं, एक सोपं काम कर.”

“काय?”

“बंदी घाल.”

“अक्का, बंदीच तर पंधरा-सोळा वर्षं होती!”

“ती खरी बंदी होती. तेव्हा दात पडलेला, बाई भ्यालेली, पोरी भ्यालेल्या. आता स्वल्प लबाडीनं घालायची. पोरींना पळायला जागा ठेवून.”

मी सोमवारी हे जसंच्या तसं सांगितलं. सिस्टरांनी ऐकून घेतलं, डावीकडचं कपाट उघडलं, कोरा कागद घेतला, आणि लिहिता लिहिता त्यांची जिवणी एका बाजूला वळायला लागली. नोटीस अशी होती: ‘फुगडीचा तास आजपासून रद्द. यापुढे शाळेच्या आवारात फुगडी खेळण्यास सक्त मनाई आहे. विशेषतः पाण्याच्या टाकीमागे, जिथे ऑफिसच्या खिडकीतून काहीही दिसत नाही, तिथे मधल्या सुट्टीत साडेबारा ते एक या वेळात, जेव्हा हेडमिस्ट्रेस जेवत असतात, कोणीही फुगडी घालताना आढळल्यास गय केली जाणार नाही.’

“जरा जास्तच स्पष्ट झालं का?” त्यांनी विचारलं.

“जरा,” मी म्हटलं.

“लहान आहेत. स्पष्टच लागतं.”

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी साडेबाराला टाकीमागून पायांचा धपधप आवाज आला आणि एक दबलेली किंचाळी. सिस्टर ऑफिसात ताटापुढे बसल्या होत्या. त्यांनी घास तोंडात तसाच धरला, कान टवकारले, आणि खिडकी आपल्या हातानं लावून घेतली.

ही सुरुवात निधीनं केली होती, हे मला मागाहून कळलं. निधी जूनमध्येच पुण्याहून आली होती; वडील कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत. तिला ना शाळेची भीती बसली होती, ना कन्नड येत होतं. पुढे एकदा टाकीच्या अलीकडे उभी राहून मी तिचं बोलणं ऐकलं, अर्थात चोरून.

“यार संपदा, तू इतकी स्टिफ का फिरतेस? सर गेलेत आता. मागे झुक! अजून!”

“पडेन गं!”

“मी धरलंय ना तुला. आणि पडलीस तर पडलीस, आपली संत आहेच चिमटा घेऊन.”

मग दोघी फिरल्या. वेण्या आडव्या, स्कर्टांच्या छत्र्या, आणि हसू आवरत नाही म्हणून दोघींचे डोळे मिटलेले. भोवती तमिळ, तेलुगू, मल्याळी पोरी टाळ्या धरून. मी पाय न वाजवता मागे फिरले. जानेवारीत तर टाकीमागची जमीन इतकी गुळगुळीत झाली की वॉचमन तिथे दुपारी चटई टाकू लागला.

ओवीचं मात्र काही कळेना. सिस्टर विचारायच्या, “आली का?” मी म्हणायची, “नाही माहीत.” इतिहास छापून आला. पान एकोणतीसवर सहा ओव्या, आणि सातवीच्या जागी सिस्टरांनी हट्टानं कोरी ठेवायला लावलेली जागा. नऊ फेब्रुवारीच्या समारंभात पाहुण्यांनी ते पान उघडून विचारलं, की इथे छपाई राहिली का? सिस्टर म्हणाल्या, “नाही. छपाई पुढे गेली, आयुष्य मागे राहिलं.” पाहुण्यांना ते फार धार्मिक वाटलं, त्यांनी मान डोलावली.

समारंभाला सोयराबाई जरीची इरकली नेसून आल्या होत्या. सिस्टरांनी त्यांना केळ्याचे चिप्स देता देता कोपऱ्यात घेतलं.

“सोयराबाई, एक शंका. गेटाबाहेर म्हणजे नेमकं किती बाहेर?”

“गाडी वळली की झालं.”

“वळली की. मग ती पुढे कुठे जाते, याला काही नियम?”

सोयराबाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “नियम नाही.”

सतरा फेब्रुवारीला सिस्टर निघाल्या. दुपारची गाडी होती. एक ट्रंक, एक पिशवी, एक छत्री. चारशे पोरी दोन रांगांत उभ्या होत्या. सिस्टरांनी प्रत्येकीच्या वेणीची रिबन शेवटची तपासून घेतली, दोघींना नीट बांधायला लावली, किल्ल्या नव्या हेडमिस्ट्रेसच्या हातात दिल्या आणि ऑटोत बसल्या. संपदा खाली मान घालून उभी होती. ऑटो गेटाबाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली.

दहावीच्या पोरी टाकीकडे धावल्या. चिंचेखाली नाही, त्यांची जागा आता टाकीमागची होती. मी गेले, निरोपाला आलेल्या सोयराबाई गेल्या, आणि पोरींना आवरायला म्हणून दामोदर सर आले, ते गवताच्या कडेला उभे राहिले. नवीन सिस्टर ऑफिसात किल्ल्या ओळखत बसल्या होत्या.

निधीनं संपदाचे हात धरले. तेवढ्यात मला ऐकू आलं: आवाराच्या भिंतीपलीकडे, एरंडाच्या झुडपांत, एक ऑटो हळूच येऊन थांबली आणि तिचं इंजिन बंद झालं. ड्रायव्हर कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, त्याला कुणीतरी “शू!” केलं. मी सोयराबाईंकडे पाहिलं. त्या आभाळाकडे बघत होत्या, जणू आभाळात काही फार महत्त्वाचं वाळत घातलं आहे.

फुगडी सुरू झाली. आधी दोघी, मग चौघी, मग तीन जोड्या एकदम. आणि फिरता फिरता, श्वास लागलेल्या आवाजात, घाबरट संपदानं पहिली ओळ टाकली. बाकीच्यांनी ती झेलली:

“सिस्टर लिओकाडिया, रागावे चष्मा काढून,
साऱ्या पोरी जीभ दावती, हातभर ओढून!”

खरंच की. कुणालाही रागवायचं म्हटलं की सिस्टर आधी चष्मा काढायच्या, टेबलावर ठेवायच्या, आणि मग बोलायला लागायच्या. अकरा वर्षं मी शेजारी बसून तो चष्मा बघितला होता. मला वाटायचं, राग आला की काचा जड होत असतील. आणि चष्म्याशिवाय त्यांना दोन हातांवरचं दिसत नव्हतं. सतरा वर्षं ऑफिसात रडवेलं तोंड करून उभ्या राहिलेल्या पोरींनी, तिथल्या तिथे, त्यांच्या समोर...

पण ओवी संपली नव्हती. बाकीच्या सहा जणींना दोन दोन ओळी मिळाल्या होत्या, हिला चार:

“रडू आमचं दिसू नये, म्हणून चष्मा काढी,
हसू पण दिसलं नाही, सिस्टर किती वेडी!”

पोरी फिरत राहिल्या. शेवटची ओळ त्यांना इतकी आवडली होती की त्यांनी ती तीनदा घेतली. भिंतीपलीकडे चिडीचूप. एवढा वेळ चिडीचूप, की मला वाटलं, आपण सिस्टरांना हे ऐकू द्यायला नको होतं. नियम उगाच नसतात.

मग दगडावर दगड ठेवल्याचा आवाज आला. एरंडाची पानं हलली. आणि भिंतीच्या वर, फुटलेल्या काचांच्या मधल्या एका मोकळ्या जागेत, आधी डोक्यावरचं पांढरं वस्त्र आणि मग सिस्टर लिओकाडियांचं तोंड उगवलं.

फुगडी जागीच कोसळली. संपदा जमिनीवर बसलीच.

सिस्टरांनी आमच्याकडे पाहिलं. एकेकीकडे, अगदी सावकाश, जणू हजेरी घेत आहेत. नाकाचा शेंडा लाल झाला होता. मग त्यांनी दोन्ही हातांनी चष्मा काढला, घडी घातली, आणि जीभ बाहेर काढली. हातभर नव्हे, पण त्यांच्या वयाला भरपूर.

फक्त चष्मा नव्हता, त्यामुळे ती आमच्याकडे न येता पार डावीकडे गेली, सरळ दामोदर सरांवर.

सरांनी तीस वर्षं हेडमिस्ट्रेसची आज्ञा पाळली होती. त्यांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

“मिस,” निधी माझ्या कानाशी कुजबुजली, “आता आम्ही दाखवली तर चालेल?”

मी काही म्हणायच्या आत वीस जिभा बाहेर आल्या होत्या. भिंतीवरचं ते तोंड अजूनही दामोदर सरांकडेच बघून, लखलखीत, वापर नसलेल्या त्या आवाजात हसत होतं, आणि खालून ऑटोवाला ओरडत होता, “सिस्टर, ट्रेन! ट्रेन!”